डावीकडचा कोपरा

१२ मे

बटण्या,

फोन करणार होते, पण फोनवर तू दोन विनोद करतोस, मी हसते आणि मूळ विषय राहून जातो. म्हणून लिहितेय. तूही लिहूनच उत्तर दे.

रविवारच्या प्रकाराबद्दल तुझी माफी मागायची आहे. इतकी वर्षं दर उन्हाळ्यात आपण सगळे मोठ्या काकांच्या बागेत जमतो. रिंगा फेकतो, पोत्यात पाय घालून पळतो, पन्नाशी उलटली तरी लिंबू-चमच्यात अंगठ्याने लिंबू दाबून धरतो, आणि शेवटी ते हिरवं टेबल झाडाखाली ओढून टेबल टेनिस खेळतो. पण कोणी कोणावर आवाज चढवला असं कधी झालं नव्हतं. तो मान यंदा माझ्या नवऱ्याने मिळवला.

हरले ते हरले. अकरा वर्षं तुझ्याकडून सगळेच हरतायत. हरलेल्याने एप्रन बांधून सगळ्यांना सरबत वाढायचं, हा नियमही यांनीच काढलेला. त्याप्रमाणे यांनी एप्रन बांधला, जग उचलला आणि काकूंच्या ग्लासात ओतायच्या ऐवजी ग्लासाच्या शेजारी ओतलं. सगळं काकूंच्या मांडीवर. लोक हसले. मीसुद्धा हसले, वाटलं गंमत करतायत. दुसऱ्या ग्लासालाही तेच झालं. मग कोणीतरी म्हणालं, "आज गाडी डुलतेय हं!" आणि यांनी जग असा आपटला की त्याचा कान तुटला. "पुरे झाली थट्टा," म्हणून ओरडले आणि न जेवता फाटकाकडे निघाले. वाटेत रिंगांच्या खुंटीला अडखळून पालथे पडले. पंचवीस माणसं बघत होती. मी उठून हात द्यायला हवा होता. मी ताटं मोजत उभी राहिले. मोजायला काही नव्हतंच, पण मान वर करायची हिंमत होत नव्हती.

निघताना काकूंनी मला बाजूला घेतलं आणि मऊ आवाजात विचारलं, "कधीपासून घेतात गं?"

बटण्या, मी तशीच फाटकाकडे वळले. कारण मलाही तीच शंका येतेय. हिवाळ्यापासून यांच्या बसचा डावीकडचा आरसा दोनदा फुटलाय. घरात दाराच्या चौकटीला खांदा आपटतो. सव्वीस वर्षं सात नंबरची बस चालवणारा माणूस, एक ओरखडा नाही, आणि आता हे काय? विचारलं तर म्हणतात, वय झालं.

तू टेबलाच्या पलीकडे होतास, नऊ फुटांवर. सगळ्यांत जवळून तूच पाहिलंस. वास आला का? डोळे कसे दिसत होते? रोज माणसांच्या डोळ्यांत बघायचाच तुझा धंदा आहे, तुला समजलं असणार. आडपडदा न ठेवता सांग.

तुझी ताई

१८ मे

ताई,

माफी कसली मागतेस? जग काकांचा, मांडी काकूंची. माझं काहीच गेलं नाही. उलट अकरावरून बारा वर्षं झाली, कप पुन्हा दुकानात काउंटरवर आलाय. गिऱ्हाईकं विचारतात, कसला कप? मी म्हणतो, आमच्या घराण्यात गुण एवढाच.

हरल्यावर माणूस चिडतो. मी तर लहानपणी तुझ्याकडून कॅरममध्ये हरलो की सोंगटी गिळायचो. सोंगटी नाही, हरवलेल्या सोंगटीच्या जागी ठेवलेलं बटण. त्याच्यावरून तर हे नाव मिळालं. भाऊजींनी निदान काही गिळलं नाही.

वासाचं विचारतेस, तर काय सांगू? बागेत वारा होता, आणि खेळताना मी बॉलकडे बघतो, माणसाचा वास घेत नाही. आला असं छातीठोक सांगता येणार नाही, नाही आला असंही नाही. डोळे जरा थकल्यासारखे होते. तू लक्ष ठेव एवढंच म्हणेन. बसवर असताना जपून राहायला सांग. आणि कधी सवड झाली की त्यांना दुकानात पाठव, चष्म्याचा नंबर बघून टाकू.

जास्त मनाला लावून घेऊ नकोस. काकू चार दिवसांत विसरतील. त्यांना कालचं आठवत नाही, रविवारचं काय आठवणार?

तुझा बटण्या

२५ मे

बटण्या,

तुझं पत्र तीनदा वाचलं. तू मोघम लिहिलंस त्यावरूनच मला कळलं. नसतं तर "छे, काहीतरीच काय ताई" असं एका ओळीत लिहून मोकळा झाला असतास. मला दुखवायचं नाही म्हणून तू शब्द गोल गोल फिरवलेस. हा चांगुलपणा तुझा लहानपणापासूनचा आहे.

मग मी काय केलं ते सांगते, कारण तुझ्याशिवाय कोणाला सांगू? मी यांच्या हत्यारांची पेटी उपसली. बुटांच्या खोक्यांत पाहिलं. पाण्याच्या टाकीत हात घालून पाहिला. हे कामावरून आले की मी दारातच जवळ जाते आणि शर्ट घ्यायच्या निमित्ताने वास घेते. डिझेलचा वास येतो, बाकी कसला नाही. म्हणजे फार हुशारीने घेतात, असं मी ठरवलं. बघ, कुठल्या थराला गेले मी. एकतीस वर्षांचा संसार आणि मी नवऱ्याच्या शर्टाचा वास घेते.

बुधवारी सरळ विचारलं. हे खुर्चीत बसले होते. माझ्याकडे मान वळवली. मग म्हणाले, "तुला तसं वाटतं ना? मग तसंच असेल." नाही म्हणाले नाहीत! मी रडले, तर उठून बाहेर गेले.

चष्म्याचं सांगून पाहिलं. म्हणाले, "त्याच्या दुकानात मी पाय ठेवणार नाही." तुझ्यावर राग धरलाय, एका खेळावरून. मला इतकी लाज वाटते रे तुझ्यासमोर. हिवाळ्यात तू किती आपुलकीने यांना चष्मा करून दिलास.

आता तूच एकदा त्यांच्याशी बोल. किंवा मला नीट लिही, मी काय करू? वाट बघतेय.

ताई

९ जून

बटण्या,

पंधरा दिवस झाले, तुझं उत्तर नाही. दुकानात गर्दी असेल. मला राग नाही, पण आता तरी वाच.

शुक्रवारी सकाळी बाजाराच्या थांब्यावरून बस सुटताना डावीकडे उभ्या असलेल्या एका बाईंची पिशवी दारात अडकली. बस पुढे गेली. बाई पंधरा-वीस पावलं फरफटत गेल्या. लोक ओरडले तेव्हा हे थांबले. दोन्ही गुडघे सोलून निघालेत, मनगटाला प्लास्टर आहे. देवाच्या कृपेने त्या चाकाखाली गेल्या नाहीत. हे म्हणतात, तिथे कोणी नव्हतंच. आरशात नव्हतं, दारात नव्हतं. डेपोतल्या लोकांनी तिथल्या तिथे यांचं तोंड हुंगलं. सगळ्यांसमोर. काही मिळालं नाही, पण आधीचे दोन आरसे कागदावर होतेच.

आता खरी गोष्ट. शनिवारी डेपोचे साहेब घरी आले होते. चांगले गृहस्थ, यांच्याबरोबर कंडक्टर होते पूर्वी. मला म्हणाले, "वहिनी, काही असेल तर आत्ताच सांगा, म्हणजे मला सांभाळून घेता येईल." मी म्हणाले, "हो, अलीकडे घेतात." त्यांनी लिहून घेतलं. मी खाली सही केली. वाटलं, खरं बोलल्यावर माणूस सुटतो.

हे आतल्या खोलीत होते. त्यांनी ऐकलं. बाहेर आले नाहीत.

सतरा तारखेला चौकशी आहे. दारू ठरली तर सव्वीस वर्षं पाण्यात, आणि जाताना ड्रायव्हर दारुडा म्हणून जाणार. मी बरोबर केलं का रे?

ताई

११ जून

ताई,

तू चूक केलीस, आणि ती माझ्यामुळे केलीस. भाऊजी पीत नाहीत. मला ते त्या रविवारीच माहीत होतं.

हे पत्र मी तीनदा सुरू केलं आणि तिन्ही वेळा पहिल्या ओळीत विनोद आला. फाडून टाकलं. आता जसं येईल तसं लिहितो.

एकवीसचा गेम होता. भाऊजी पंधरा, मी अकरा. त्या दिवशी ते सुरेख खेळत होते. माझा हात चालत नव्हता आणि मोठे काका ओरडत होते, "चॅम्पियन, कप पॉलिश करून ठेवलाय का द्यायला?" सगळे त्यांच्या बाजूने होते. तेवढ्यात माझा एक बॉल चुकून त्यांच्या डावीकडच्या कोपऱ्यात पडला. टप्पा खाल्ला आणि त्यांच्या कोपराला लागून गेला. ताई, त्यांची नजर हललीच नाही. बॉलपर्यंत हात न पोचणं वेगळं आणि बॉल न दिसणं वेगळं. हात पोचला नाही तरी डोळे बॉलच्या मागे जातात, ते कोणाला थांबवता येत नाही. मी सत्तावीस वर्षं माणसांचे डोळे कुठे फिरतात तेच बघतोय. एका क्षणात समजलं की या माणसाला डावीकडचं दिसत नाही.

खात्री करायला दुसरा बॉल तिथेच टाकला. पुन्हा तेच. इथे मी थांबायला हवं होतं. बॅट ठेवून त्यांना बाजूला न्यायचं, एवढंच काम होतं. पण मी आकडा बघितला. पंधरा-तेरा.

उरलेले पॉइंट मी कसे मिळवले ते तुला आता कळलंच असेल. लोक टाळ्या वाजवत होते. कोणीतरी म्हणालं, "काय प्लेसिंग आहे!" मी हात वर करून दाखवला. बॅकहँडला मारणं हा काही गुन्हा नाही, असं मी स्वतःला तेव्हाही सांगत होतो आणि नंतर महिनाभर सांगत राहिलो.

मग त्यांनी सरबत मांडीवर ओतलं. मी हसलो, ताई. का सांडलं ते ठाऊक असलेला तिथे मी एकटाच होतो, आणि मी हसलो.

यामागेही एक आहे. हिवाळ्यात ते चष्म्यासाठी आले तेव्हा दुकानाची सुट्टी होती. घरचाच माणूस, कशाला दुकान उघडा, म्हणून मी बैठकीत बसवून पेटीतली भिंगं बदलत नंबर काढून दिला. गल्लीतल्या कुठल्याही अनोळखी म्हाताऱ्याला मी डोळ्यांतला दाब मोजणाऱ्या मशीनवर बसवतो. बाजूचं किती दिसतं तेही तपासतो. फक्त घरच्यांना नाही. तुझंही कधी केलेलं नाही. घरच्या माणसांना आपण चहा देतो आणि नंबर देतो. तेव्हा मशीनवर बसवलं असतं तर सहा महिन्यांपूर्वीच कळलं असतं. म्हणून तुझं पत्र आलं तेव्हा घाबरलो. डोळे म्हटलं की पहिला प्रश्न येणार, चष्मा कोणी दिला? तुला दारू वाटत होती. मी वाटू दिलं. "आला असं नाही, नाही आला असंही नाही," हे वाक्य मी विचार करून लिहिलं होतं. तू त्याला चांगुलपणा म्हणालीस तेव्हा मला मेल्याहून मेल्यासारखं झालं, पण तेव्हाही मी लिहिलं नाही.

आता आधी काम. उद्याच्या उद्या त्यांना मोठ्या इस्पितळात डोळ्यांच्या विभागात ने. माझ्याकडे नको. बहुतेक काचबिंदू आहे. दुखत नाही, लाल होत नाही, बाजूने हळूहळू खात येतो. गेलेलं परत येत नाही, पण थेंबांनी उरलेलं वाचवता येतं. तिथला कागद घेऊन सतराच्या आत साहेबांकडे जा. त्या बाईंचा पत्ता मला पाठव.

मला भाऊ म्हणायचं की नाही ते तू ठरव.

बटण्या

२१ जून

डॉक्टरांचा कागद मिळाला. काचबिंदूच आहे. डावा डोळा जवळजवळ गेला, उजव्याची नाकाकडची बाजू गेली, म्हणून डावीकडचं काहीच उरत नाही. दिवसातून दोनदा थेंब, जन्मभर. डॉक्टरांनी विचारलं, चष्मा कुठे केला? मी म्हणाले, घरीच केला. त्यांनी फक्त पेन खाली ठेवलं.

डेपोत मी स्वतः गेले. साहेबांना म्हणाले, मी सही केली ते खोटं होतं. त्यांनी विचारलं, "मग का सांगितलंत?" सांग बटण्या, मी काय उत्तर द्यायला हवं होतं? म्हणाले, "मला वाटलं होतं." साहेब माझ्याकडे असे बघत होते की जमीन दुभंगून पोटात घेईल तर बरं. दारूचा शेरा काढला. बस गेली ती गेलीच. आता यांना वेळापत्रकाच्या खोलीत टेबल मिळालंय. बाकीच्यांच्या बस किती वाजता सुटल्या ते वहीत लिहायचं. त्या बाईंकडे दोघं जाऊन आलो. त्यांनी आम्हाला बसायला सांगितलं नाही, आणि बरोबरच केलं त्यांनी. पत्ता मागे लिहिलाय. जायचं तर एकटा जा.

यांची क्षमा मी मागितली. म्हणाले, "जाऊ दे." जाऊ दे म्हणाले की मला जास्त लागतं.

तुझ्यावर इतकी चिडलेय की दोनदा फोन उचलून ठेवला. पण माझाही वाटा आहे. तू अर्धं वाक्य लिहिलंस, ते पूर्ण मी केलं. यांना ओळखायला मला तुझी साक्ष का लागली?

एक मात्र तुला करायचंय. अजून सगळ्या घराण्यात हे दारुडे आहेत. काकूंनी परवा मला कुठल्याशा औषधाचा पत्ता पाठवला, चहात कालवायचं, माणसाला कळत नाही म्हणे. ते तू निस्तर. त्या दिवशी जे जे बागेत होते, त्या प्रत्येकाला लिही.

ताई

२९ जून

ताई,

पाठवलं. सगळ्या घरी एकच मजकूर गेलाय, तुझ्यासाठी प्रत सोबत आहे. "आपल्या भाऊजींना काचबिंदू हा डोळ्यांचा आजार झाल्याचं निदान झालं आहे. बागेतल्या दिवशी जे घडलं ते या आजारामुळे. त्यांच्याबद्दल कोणी गैरसमज करून घेतला असेल तर तो कृपया मनातून काढावा. चाळिशीनंतर प्रत्येकाने डोळ्यांचा दाब तपासून घ्यावा, आपल्या दुकानात घरच्यांसाठी केव्हाही सोय आहे."

त्या बाईंकडे गेलो होतो. मनगटाचं प्लास्टर पुढच्या आठवड्यात काढणार आहेत.

बटण्या

२ जुलै

पत्र मिळालं. चांगलं लिहिलंस, दुकानाच्या पाटीसारखं. त्यात तू कुठे आहेस?

ताई

६ जुलै

बटणशेठ,

मी पत्र लिहीत नाही. हिला सांगितलं, एक लिहायचंय, तर हिने मला जाड पेन आणून दिलं. ओळी वरखाली झाल्या तर चालवून घे.

तू हिला लिहिलेलं सगळं मी वाचलं. चष्म्याचं लिहिलंस, त्याबद्दल आधी. ते तुझ्या अंगावर घेऊ नकोस. मी मुद्दाम सुट्टीच्या दिवशी आलो होतो. दुकानात मशीन आहे हे मला माहीत होतं. त्याआधीच एकदा आरसा फुटला होता, आणि का फुटला ते मला कळलं होतं. तू म्हणालास, "दोन मिनिटं थांबा, दुकान उघडतो," आठवतं? मीच म्हणालो, "कशाला उगीच? इथेच बघ." मला नंबर नको होता. नंबर काढला असं हिला सांगता यावं, एवढंच हवं होतं.

दारूचंही तसंच. हिने विचारलं तेव्हा मी नाही म्हणालो नाही. दारू सुटते असं लोक धरून चालतात. साहेब चार दिवस घरी बसवतात आणि परत गाडी देतात, माझ्यासमोर दोघांना दिलीय. डोळा म्हटला की संपलं. म्हणून दारुडा झालो. चाळीस-चाळीस माणसं मागे बसवून अर्ध्या रस्त्यावर गाडी चालवली मी. त्या बाईंच्या गुडघ्यांची लाज माझी आहे, त्यातलं तुला काही देणार नाही.

आता खेळाचं. ते मात्र माझ्याकडे नको आणू, आणि आजारावरही ढकलू नकोस.

तू हिला लिहिलंस त्यात एक गाळलंस. डावीकडे दोन-तीन बॉल गेल्यावर मला कळलं की तुला कळलंय. तुझा चेहरा बदलला. खोटं नाही सांगत, मला बरं वाटलं रे. आठ महिने एकटा ओढत होतो. वाटलं, सुटलो. हा आपला माणूस आहे, याला यातलं समजतं, आता हा टेबलाला वळसा घालून येईल आणि माझ्या खांद्यावर हात ठेवेल. सोळा-सोळा झाले होते. मी बॅट खाली केली आणि तुझ्याकडे बघितलं. लोकांना वाटलं मी घाम पुसतोय. तुला तसं वाटलं नाही.

त्यानंतर काय झालं ते तुला माहीत आहे.

वेळापत्रकाच्या खोलीत पंखा चांगला आहे. थेंब चालू आहेत. हिला फोन करत जा, ती वाट बघते. मला नको करू, निदान इतक्यात.

भाऊजी

१० जुलै

मोठे काका, काकू आणि बागेत त्या दिवशी असलेले सगळे,

याआधी मी तुम्हाला एक पत्र पाठवलं. त्यात भाऊजींचा आजार होता आणि माझ्या दुकानाची जाहिरात होती. जे लिहायचं होतं ते नव्हतं. हे पत्र सगळे जेवायला एकत्र बसाल तेव्हा कोणीतरी मोठ्याने वाचावं.

भाऊजींना डावीकडचं दिसत नाही, हे मला खेळता खेळता कळलं. त्यानंतर मी दहापैकी नऊ पॉइंट तिथेच मारून घेतले. तुम्ही त्याला प्लेसिंग म्हणालात. मग तुम्ही त्यांना दारुडे म्हणालात, आणि ताईलाही मी तेच समजू दिलं, कारण ते मला सोयीचं होतं. मी बोललो असतो तर एका बाईंचे गुडघे आणि मनगट शाबूत राहिलं असतं.

एक गोष्ट मी ताईलाही लिहिली नव्हती. सोळा-सोळा असताना भाऊजींनी बॅट खाली केली आणि माझ्याकडे पाहिलं. ते का थांबलेत हे मला समजलं होतं. ते मी बोलावं म्हणून थांबले होते. टेबलाला वळसा घालून जायला मला चार पावलं पुरली असती. सर्व्हिस माझी होती.

मी ती त्यांच्या डावीकडच्या कोपऱ्यात टाकली.

बटण्या